माद्रिदचा चोर

मातान्सास, ४ मार्च

प्रिय लिसांद्रो,

हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई दर दोन महिन्यांनी कपडे आणायला तिकडे जाते. जाताना तिच्या पिशव्या रिकाम्या असतात, म्हणून ती लोकांची पत्रं नेते. तिला काही विचारू नकोस. तिला फक्त टायरच्या दुकानाचा पत्ता माहीत आहे. तो मला कसा मिळाला, हे मी क्रमानं सांगणार आहे. एकदम सांगितलं, तर तू पहिल्याच पानावर पत्राची घडी करून खिशात टाकशील आणि मग ते धुण्यात जाईल. मी तुला ओळखते. निदान ओळखत होते.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. वीज सकाळी चार तास असते, दुपारी कधी येते, कधी येत नाही. तुझी आई कॉफीत अजूनही भाजलेले वाटाणे जास्त घालते आणि बेचव झाली की दोष कॉफीला देते. माझं क्लिनिक चालू आहे. एक्स-रेची फिल्म दीड वर्ष आलेली नाही. लोक पडद्यावरच्या हाडाचा फोनवर फोटो काढतात आणि डॉक्टरला दाखवतात. परवा एकाचा फोन बंद पडला, तेव्हा मी त्याला त्याची बरगडी कागदावर पेन्सिलीनं काढून दिली. डॉक्टर म्हणाला, चित्र छान आहे, पण मोडलंय कुठे ते कळत नाही. मी तुझ्याच घरात राहते. क्लिनिकमधल्या बायका विचारतात, नवरा निघून गेल्यावर कुणी सासूजवळ राहतं का. मी सांगते, माझं नाव तिच्या रेशनच्या वहीत आहे, ते काढायचं तर तीन ऑफिसं फिरावी लागतात. त्यांना ते पटतं.

तू गेलास आणि दोन महिन्यांनी घरी इंटरनेटची लाइन आली. अर्ज तूच केला होतास, चार वर्षांपूर्वी. शिडी घेऊन आलेला माणूस म्हणाला, लिसांद्रो कोण, त्यांची सही लागेल. तुझ्या आईनं तुझ्या नावाची सही केली. तुझ्यापेक्षा बरी केली. तेव्हा तुझा आवाज बंद होऊन एकच महिना झाला होता, आणि एक महिना म्हणजे काही नसतं. तिनं खिडकीजवळ एक स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाली, बोलायचं तर बसून बोलू, उभ्यानं काय बोलायचं.

तुझा शेवटचा निरोप नऊ मार्चचा, तापाचुलाहून. फोन विकतोय, सरहद्दीच्या पलीकडे पोचलो की नवा घेतो, आईला सांग. मी सांगितलं. मग एप्रिल गेला, मे गेला, वादळांचे महिने गेले. तुझ्याबरोबर निघालेल्या दोघांपैकी एक ह्यूस्टनला पोचला. त्यानं कळवलं की तू तापाचुलाला मागे राहिलास, पुढचं त्याला माहीत नाही. दुसऱ्याचा काहीच पत्ता लागला नाही. सरहद्दीवरच्या नदीबद्दल लोक काय काय सांगतात ते तुला माहीत आहे. सप्टेंबरमध्ये शेजारची बाई तुझ्या आईला म्हणाली की गेलेल्या माणसांच्या फळीवर एक पेला लिसांद्रोसाठीही ठेव, तहानलेला भटकत असेल. तुझे बाबा, आजी, मामा, ज्यांचे ज्यांचे पाण्याचे पेले त्या फळीवर आहेत, त्यांच्या रांगेत. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईनं एक पेला धुतला आणि फळीच्या टोकाला ठेवला. पाणी घातलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "मेलाय असं कळलं की घालीन. अंदाजानं नाही." त्यानंतर आम्ही दोघी रोज त्या फळीसमोरून ये-जा करत होतो. भरलेल्या पेल्यांकडे सवयीनं लक्ष जात नाही, लिसांद्रो. रिकामा दिसतो.

जानेवारीत रेमिहियो मास्तर पंखा दुरुस्त करायला आले. आपल्याला नववीत पदार्थविज्ञान शिकवायचे तेव्हा होते तसेच आहेत, फक्त आता खडू नसतो तर बोटांत स्क्रू असतो. गच्च्यांवरून केबली ओढून त्यांनी वस्तीतल्या कॉम्प्युटरांचं जे जाळं उभं केलं होतं, ते केव्हाच बंद झालं. केबलींवर लोक कपडे वाळत घालतात. मी पंख्यासाठी कपाटातली जुनी वायर काढत होते, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेला तुझा गेमचा कन्सोल बाहेर आला. मास्तरांनी तो उलटा करून पाहिला. मग म्हणाले की लिसांद्रोचं खातं याच्यात असेल. पासवर्ड तुम्हाला माहीत नाही, पण याला तोंडपाठ आहे. हा एकदा इंटरनेटवर गेला, की ते खातं शेवटचं कधी उघडलं ते दिसेल. तुझ्या आईनं हातातला मलांगाचा कंद सोलायचा थांबवला. "म्हणजे याला ठाऊक आहे," ती म्हणाली, "आणि हा वर्षभर कपाटात गप्प बसलाय."

हॉटेलात कामाला होतास तेव्हा तू कन्सोल पाठीवरच्या पिशवीत घालून बसनं न्यायचास आणि बॉयलरच्या खोलीत जोडायचास. तिथली लाइन कुणालाही आत घ्यायची. घरची तशी नाही. ती आधी एक पान दाखवते, त्या पानावर नाव आणि खूणशब्द लिहायचा, मग ती उघडते. कॉम्प्युटरवर ते पान दिसतं, फोनवर दिसतं. कन्सोलवर दिसत नाही. त्याला पान उघडताच येत नाही, आणि लाइनवाल्यांना पानाशिवाय दुसरं काही समजत नाही. दोघं एकमेकांसमोर उभे राहतात आणि कन्सोल सांगतो, इंटरनेट नाही. तुझी आई म्हणाली की रेमिहियो, हे बनवणारे तुझ्याच वर्गात नापास झालेले असणार. मास्तर म्हणाले, नापास झालेले सगळे देश सोडून गेले, सोयला, हे पास झालेल्यांचं काम आहे. मग दोघांनाही आठवलं, की तू मास्तरांच्या विषयात दोनदा नापास झाला होतास.

मी लाइनवाल्यांच्या ऑफिसात विचारायला गेले. रांगेत शेवटचं कोण, म्हणून विचारलं, एका म्हाताऱ्यानं हात वर केला. माझ्यामागे बाई आली, तिला माझा नंबर सांगून मी क्लिनिकला गेले, दोन हात आणि एक घोटा बघितला, परत आले, तर माझी जागा तशीच होती. तिथे उभं असताना मला वाटलं, तूही असाच गेलास. कुणाला तरी सांगून, की मी इथेच आहे, आलोच. माझ्यामागे उभं राहायला कुणी आलंच नाही, असं नाही. एकदोघं आले. मी त्यांना सांगितलं की माझ्यापुढे एक जण आहे, तो जरा गेलाय. खिडकीतली मुलगी म्हणाली, लाइन माणसांसाठी आहे, खेळण्यांसाठी नाही. मी घरी आले.

मग मास्तरांनी दुसरं काढलं. प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, पानावर नाव लिहिलं की लाइनवाले तो नंबर लक्षात ठेवतात, माणूस बघत नाहीत. मास्तरांनी आपल्या जुन्या लॅपटॉपला कन्सोलचा नंबर दिला, पान उघडलं, नाव लिहिलं, आणि केबल तिथून उपटून कन्सोलमध्ये घातली. सिनेमात एकानं रुमाल टाकायचा आणि दुसऱ्यानं येऊन बसायचं, तसं. तीन शनिवार वीज गेली म्हणून फुकट गेले. चौथ्या शनिवारी कन्सोल आत गेला. लगेच एक ओळ आली. तुझ्या आईनं विचारलं, काय म्हणतोय. मास्तर म्हणाले, आता हा लाइनवाल्यांचा नाही, कन्सोलवाल्यांचा नकार आहे. म्हणतोय, क्यूबात ही सेवा नाही. तुझी आई म्हणाली, "मग त्याला सांग, आम्ही दुसरीकडे राहतो." मी हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, ते जमेल.

ते कसं जमलं ते मला नीट कळलेलं नाही. लॅपटॉप मध्ये बसवला. एका बाजूनं तो लाइनवाल्यांना त्यांचं पान भरून द्यायचा, दुसऱ्या बाजूनं कन्सोलचा हात धरून त्याला माद्रिदमधल्या कुठल्याशा कॉम्प्युटरपर्यंत न्यायचा. तिथून पुढे जे जाईल ते माद्रिदहून निघाल्यासारखं दिसणार. तुझ्या आईनं विचारलं, तिकडे आत्ता थंडी असेल का. असेल, मास्तर म्हणाले. ती आत जाऊन स्वेटर घालून आली. चेष्टेनं घातला, पण घातला, आणि टीव्हीसमोर बसली.

एकोणीस फेब्रुवारी, रविवार, दुपारचे तीन. लाइन स्वयंपाकघरात येते, म्हणून मास्तर लॅपटॉप घेऊन तिथे होते. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघी. पडद्यावर तुझं नाव आलं आणि तू निवडलेला तो निळा खेकडा. त्याखाली मित्रांची यादी. आठ नावं. सात आपल्या गल्लीतली, सगळी करडी. त्यातले सहा आता वेगवेगळ्या देशांत आहेत आणि सातव्यानं कन्सोल विकून स्कूटर घेतली. आठवं नाव हिरवं होतं, म्हणजे तो आत्ता आत होता. डावखुरा७७. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. खातं शेवटचं कधी उघडलं ते कुठे बघायचं हे मास्तरांना विचारायला हवं होतं, पण तो हिरवा ठिपका विझेल अशी मला भीती वाटली. मी त्याला लिहिलं. अंगठ्यानं एकेक अक्षर शोधून. लिसांद्रो कुठे आहे. तुझ्या खात्यातून, तुझ्या नावानं, तुझ्याबद्दल. उत्तर लगेच आलं. "माझ्या शेजारी बसलायस की, बैला. भरदुपारी घेतलीस का?"

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आधी पडदा काळा झाला आणि मध्ये एक ओळ आली, की या खात्यानं दुसऱ्या यंत्रावर प्रवेश केला आहे, तुम्हाला बाहेर काढण्यात आलं आहे. मला समजायला थोडा वेळ लागला. एका नावानं एकच जण आत बसू शकतो. मी आत गेले तेव्हा तू बाहेर फेकला गेला होतास. आता तू परत आला होतास आणि मी बाहेर होते. मी बटण दाबलं. आत गेले. म्हणजे तू बाहेर. मी मनात मोजत होते. एकोणिसाव्या आकड्याला पुन्हा पडदा काळा झाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कुठल्या गोष्टीला तू उत्तर दिलं होतंस. ते एकोणीस आकडे मला तू दिसत होतास. चिडलास की तू खालचा ओठ चावतोस आणि बटण गरजेपेक्षा जोरात दाबतोस; आपल्याकडचं एक त्यानंच बसलं आहे. माझा अंगठा पुन्हा बटणावर गेला. मी दाबलं नाही. म्हटलं, बसू दे त्याला.

तुझ्या आईनं विचारलं, "काय लिहिलंय?" तिला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. माझ्याजवळ दोन शब्द होते, जिवंत आहे. त्या दोन शब्दांसाठी तिनं अकरा महिने काढले होते. पण त्यांच्या मागोमाग तिनं दुसरा प्रश्न विचारला असता, तोच, जो ते आकडे मोजताना मला पडला होता. तो शेजारी मित्र घेऊन खेळत बसलाय, तर मग इतके दिवस निरोप का नाही. तू मेला असतास तर त्याचं उत्तर होतं. मी म्हटलं, "लाइन गेली." तिनं स्वेटर काढला, त्याची घडी केली आणि मागच्या दारी तांदूळ निवडायला गेली. मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा मास्तर लॅपटॉपवरून वर न बघता म्हणाले की लाइन गेलेली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला.

दोन दिवसांनी कन्सोल पासवर्ड मागायला लागला. तू तो बदलला होतास. मी मास्तरांकडून माझं वेगळं खातं काढून घेतलं आणि डावखुऱ्याला शोधलं. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायला चार दिवस लागले. तुझ्या उजव्या कानामागची खूण सांगितली तेव्हा पटलं. त्याच्यावर रागावू नकोस. त्यानं थोडंच सांगितलं. तो होंडुरासचा आहे, तुम्ही एकाच दुकानात टायर बदलता, रविवारी तासाच्या भाड्यानं खेळायला बसता. तुला दोनदा सरहद्दीवरून मागे पाठवलं. पलीकडे पोचलो की घरी फोन करीन, असं तू रोज म्हणतोस. आणि त्या रविवारी तुझ्या फोनवर इशारा आला की माद्रिदहून कुणीतरी तुझं खातं उघडतंय, तेव्हापासून तू माद्रिदच्या चोराला शिव्या घालतोयस. दुकानातल्या सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावलेस. सात पिढ्या लुटून पोट भरलं नाही, आता माझा खेकडा पाहिजे यांना, असं म्हणालास म्हणे. ते वाचून मी हसले. स्वयंपाकघरात एकटी, तोंडावर हात ठेवून. हसणं थांबलं तरी हात मी बराच वेळ काढला नाही. तर तो चोर मी होते. मी माद्रिद पाहिलेलं नाही.

म्हणजे तुझ्याकडे फोन आहे. हे मी डावखुऱ्याला विचारलं नाही, त्याच्या बोलण्यात आलं. मी त्याच्याकडून नंबर मागितला नाही. नंबर असता तर मी फोन केला असता, आणि तू उचलला नसतास तर मला ते माहीत झालं असतं. मी फक्त पत्ता मागितला. पलीकडे म्हणजे कुठे, हे तू तुझं ठरवलंस, लिसांद्रो. आम्हाला विचारलं नाहीस. आम्हाला तू अलीकडेही चालला असतास.

आता हे पत्र का लिहिलं ते. लाइन गेली असं मी म्हटल्यापासून तुझी आई रोज दुपारी वीज आली की विचारायची, आली का. अकरा दिवस तिनं विचारलं. परवा माझ्यानं नाही म्हणवलं नाही. मी म्हटलं, आली, आणि निरोपही आला. लिसांद्रो बरा आहे, फोन चोरीला गेला होता, नंबर सगळे त्यातच होते, तो बेकरीत कामाला आहे. टायरचं दुकान मी सांगितलं नाही, कारण त्यानंतर तिनं जेवतो का म्हणून विचारलं असतं. तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. टेबलाची कड धरून हळूच बसली आणि म्हणाली, "माझं काय विचारलंन्?" याची मी तयारी केली नव्हती. म्हणून तोंडाला आलं ते बोलले, की विचारत होता, गुडघा कसा आहे. नोव्हेंबरमध्ये ती पाण्याची बादली घेऊन जिन्यावरून पडली. एक्स-रे मीच काढला. म्हणजे तुला तो गुडघा माहीत असायचं काही कारण नाही. हे माझ्या लक्षात बोलून झाल्यावर आलं. तिच्या लक्षात लगेच आलं असणार, तिच्या लक्षात सगळं येतं. तिनं गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरा आहे म्हणून कळव." ते कळवते आहे. घरचा नंबर तोच आहे. रविवारी दुपारी तीनला बहुतेक वीज असते. पलीकडे पोचायची वाट बघू नकोस, अलीकडूनच कर. बेकरी लक्षात ठेव. आधी गुडघ्याचं विचार. डावा. माझ्याबद्दल तू काय विचारलंस, हे तिनं विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. तेवढ्यापुरतं तुला काही जुळवून बोलावं लागणार नाही.

अजून तुझीच,
ओदालिस